५०२ मॅग्नमसाठी कॅम कोणता घ्यावा? (एक्झॉस्ट ओला, खिसा कोरडा)

जर्सीचा_खलाशी

मंडळी, इथे गाड्यांवर धागे पुष्कळ निघतात, बोटीच्या इंजिनावर मात्र मला तरी एकही सापडला नाही. म्हणून हा नवीन काढतोय.

बोट १९९८ची, २६ फुटी. मर्क्रूझर ५०२ मॅग्नम एमपीआय, एकच इंजिन, कागदावर ४१५ हॉर्सपॉवर. ड्राइव्ह (इंजिनची ताकद पंख्यापर्यंत नेणारा भाग) ब्राव्हो वन, रेशो १.५०. पंखा स्टेनलेसचा, तीन पात्यांचा, २३ पिचचा (हिशोबाने एका फेरीत २३ इंच पुढे जाणारा). पूर्ण थ्रॉटलला ४८०० आरपीएम आणि जीपीएसवर ६० मैल. बोट बार्नेगॅट बेमध्ये असते, म्हणजे खारं पाणी. इंजिनला क्लोज्ड कूलिंग आहे, म्हणजे आत खारं पाणी नाही, बंद फेऱ्यातलं कूलंट फिरतं. एक्झॉस्ट मूळचाच, बिडाचे मॅनिफोल्ड आणि वर रायझर (धूर वर नेऊन मागे वळवणारा भाग).

इनटेकच्या गॅस्केटमधून तेल झिरपतंय, दोन लिफ्टरही खडखडतात. हिवाळ्यात इंजिन बाहेर काढायचंच आहे, तर त्याच खर्चात कॅम (व्हॉल्व उघडमिट करणारा दांडा) बदलावा असा विचार आहे. लक्ष्य ५०० हॉर्सपॉवर. तीन पर्याय समोर आहेत (आकडे ड्युरेशनचे, म्हणजे व्हॉल्व किती अंश उघडा राहतो त्याचे, ०.०५० इंच उचलीपासून मोजलेले, इनटेक/एक्झॉस्ट; लोब सेपरेशन म्हणजे कॅमवरच्या त्या दोन उंचवट्यांमधलं अंतर, अंशांत):

अ) २२४/२३४, लोब सेपरेशन ११४
ब) २३६/२४२, लोब सेपरेशन १०८
क) २४०/२४८, लोब सेपरेशन ११२

तिन्ही हायड्रॉलिक रोलर. ब माझ्या ओळखीच्या एकाने सुचवलाय, तो जुन्या शेवेल गाड्यांची इंजिनं बांधतो. क ज्याच्याकडे आहे तो ‘मरीन ग्राइंड’ म्हणून विकतोय. कोणता घेऊ?

पिस्टनराव

बरं झालं आधी विचारलंत. मी मिसुरीत असतो, बोट लेक ऑफ द ओझार्क्सवर. गोडं पाणी, त्यामुळे तुमच्याइतके हाल नाहीत. तरी सांगतो, तुम्ही प्रश्न उलट्या टोकाने धरलाय. बोटीत कॅम सगळ्यात शेवटी ठरवायचा. एक्झॉस्ट कसला आहे, पंखा कोणता, ड्राइव्ह किती झेपवेल, बोट प्लेनवर यायला (पाण्यातून वर उचलली जाऊन पृष्ठभागावरून पळायला) किती जोर मागते, हे आधी. त्यातून जी जागा उरते तिच्यात बसेल तो कॅम.

मूळ ओला एक्झॉस्ट ठेवणार असाल तर ब लगेच बाद. क वर नंतर लिहितो, इथे मुलाला पोहायला सोडायची वेळ झाली.

मोटारवाला

ब सुचवणारा माणूस काही खुळा नाही हं. १०८च्या कॅमने मधल्या पट्ट्यात जो टॉर्क येतो तो ११४ला येत नाही. आमच्या गाडीच्या ४५४ इंजिनला तसाच कॅम आहे, सिग्नलवर नुसतं पाय ठेवलं की मागची चाकं धूर काढतात. बोटीलाही प्लेनवर यायला टॉर्कच लागतो ना? मग ११४चा गुळमुळीत कॅम कशाला?

आवर्तन

पुण्यातून लिहितोय. बोट चालवलेली नाही, पण कॅम आणि व्हॉल्व ट्रेन हे रोजचं काम आहे. मोटारवाला म्हणतात त्यात तथ्य आहे, ते आधी आकड्यांत मांडतो.

इनटेक व्हॉल्व कधी मिटतो यावर खालचा टॉर्क बराच ठरतो. अ कॅमची इनटेक सेंटरलाइन (पिस्टन वर पोचल्यापासून इनटेक सगळ्यात जास्त उघडेपर्यंतचे अंश) ११० धरा, निम्मं ड्युरेशन ११२. ११० अधिक ११२ उणे १८०, म्हणजे पिस्टन तळाला पोचल्यावर ४२ अंशांनी व्हॉल्व मिटला. आता ब: सेंटरलाइन १०४, निम्मं ड्युरेशन ११८. १०४ अधिक ११८ उणे १८०, पुन्हा ४२! ड्युरेशन १२ अंशांनी जास्त असूनही व्हॉल्व त्याच जागी मिटतो, कारण अख्खा लोब अलीकडे सरकलाय. म्हणून तो खालीही ओढतो आणि वरही. शेवेलवाल्यांना तो आवडतो यात नवल नाही.

पण हे जास्तीचे १२ अंश गेले कुठे? व्हॉल्व उघडण्याच्या बाजूला. एक्झॉस्ट अजून मिटायचा आहे आणि इनटेक उघडलाय, हा दोन्ही दारं उघडी असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप. त्याचा हिशोब सोपा: दोन्ही ड्युरेशनची सरासरी, उणे लोब सेपरेशनची दुप्पट.

अ: २२९ उणे २२८ = १ अंश
ब: २३९ उणे २१६ = २३ अंश
क: २४४ उणे २२४ = २० अंश

क बघा. लोब सेपरेशन ११२ आहे म्हणून त्याला मरीन म्हणतायत, पण ड्युरेशन एवढं लांब की ओव्हरलॅप ब च्या पंगतीला जाऊन बसला. नुसत्या लोब सेपरेशनवरून कॅम बोटीचा की गाडीचा ते कळत नाही.

(हे ०.०५० इंचाचे आकडे, आमच्या भाषेत पन्नास थाऊचे. व्हॉल्व सीटवरून जेमतेम उचलला तिथपासून मोजलं तर तिन्हींचे आकडे कितीतरी मोठे येतात. हे फक्त एकाशी दुसरा ताडून बघायला.)

मोटारवाला

हिशोब मान्य. पण ओव्हरलॅप जास्त असला तर बिघडतं काय? आयडल थोडी लंगडी होईल, एवढंच ना? तो आवाज ऐकायला तर लोक पैसे मोजतात.

रेवती_मिशिगन

मोटारवाला, गाडीत एवढंच. बोटीत त्या पाइपात पाणी असतं.

आमची दोन इंजिनांची बोट लेक मिशिगनवर आहे, इंजिनं आम्ही दोघं स्वतः बांधतो. ओल्या एक्झॉस्टमध्ये इंजिन थंड करून आलेलं पाणी रायझरच्या पुढे धुरात सोडलेलं असतं, दोन्ही मिळून मागे ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या भिंतीतून) बाहेर पडतात. ४००० आरपीएमला धुराचा जोर एवढा की पाण्याची मागे यायची हिंमत नाही. पण आयडलला थ्रॉटल बंद, इनटेकमध्ये जबर व्हॅक्यूम. ओव्हरलॅपमध्ये दोन्ही व्हॉल्व उघडे, की ते व्हॅक्यूम थेट एक्झॉस्टमधून ओढतं. प्रत्येक फेरीला धुराचा खांब थोडा मागे येतो आणि येताना पाण्याचे तुषार घेऊन येतो. याला रिव्हर्शन म्हणतात.

एका दिवसात काही होत नाही, हाच त्यातला वाईट भाग. आधी एक्झॉस्ट पोर्टमध्ये गंजाची तांबूस झाक येते. मग व्हॉल्वचे गाइड धरायला लागतात, सीट खड्डे पडून खराब होते, एखाद्या सिलिंडरची रिंग गंजून चिकटते. मरीनात (बोटी बांधायच्या धक्क्यावर) अर्धा तास संथ चालवून बंद केलेल्या इंजिनात पाणी साठलं तर पुढच्या वेळी स्टार्टर मारताना पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. खाऱ्या पाण्यात हे सगळं आणखी लवकर.

आणि हे फक्त आयडललाच होतं असं नाही. ६० मैलांवरून थ्रॉटल एकदम खाली ओढला की क्षणभर तसंच व्हॅक्यूम तयार होतं.

मिरकरवाडा_बंदर

अडाणी प्रश्न विचारतो. आमच्याकडच्या ट्रॉलरचा धूर डेकवरून सरळ वर पाइपातून जातो, पाण्याचा संबंध नाही. तुम्ही लोक एक्झॉस्टात पाणी घालताच कशाला? न घातलं तर भानगडच नको.

रेवती_मिशिगन

अजिबात अडाणी नाही. ट्रॉलरचं इंजिन डिझेल, इंजिनरूम मोठी, वर पाइप न्यायला जागा. आमच्या बोटी बुटक्या. इंजिन मागे एका बंद पेटीत, त्यावर लोक उन्हात पहुडलेले, आणि इंधन पेट्रोल. लालबुंद तापलेला पाइप त्या पेटीत चालणार नाही. पाण्याने धूर एवढा थंड होतो की पुढे रबरी नळीतूनही नेता येतो. आवाजही दबतो.

मधला मार्ग म्हणजे ‘ड्राय’ टेलपाइप. पाइप दुपदरी असतो, बाहेरच्या पदरातून पाणी, आतून कोरडा धूर, दोघांची भेट अगदी टोकाला. पाणी इंजिनापासून जितकं लांब मिसळेल तितका ओव्हरलॅप परवडतो.

नुसतीच_हवा

वाचनखूण साठवली. बोट नाही, घ्यायची ऐपत नाही, पण रात्रीचे दोन वाजलेत आणि मी ओव्हरलॅप काढतोय.

जर्सीचा_खलाशी

आवर्तन, रेवतीताई, दंडवत. आता ब आणि क दोन्ही डोळ्यांपुढून गेले. पण मग अ मध्ये ५०० कुठून येणार? ओव्हरलॅप एक अंश म्हणजे कंपनीचाच कॅम झाला की!

मॅनिफोल्ड किती जुने ते मला माहीत नाही. आधीच्या मालकाने बदलल्याची पावती नाही.

पिस्टनराव

अ म्हणजे कंपनीचा कॅम नव्हे. ५०२चं हेड आयताकृती पोर्टचं, श्वास घ्यायला मोकळं असतं. ४५४च्या साध्या ७.४ लिटर इंजिनात बारीक अंडाकृती पोर्टची हेडं येतात, तिथे कितीही कॅम घाला, हेडच आडवं येतं. तुमच्याकडे ती अडचण नाही. तुमच्या आणि ५०० हॉर्सपॉवरच्या मध्ये कॅमपेक्षा तो बिडाचा मॅनिफोल्ड जास्त उभा आहे.

मर्क्युरीचंच, म्हणजे मर्क्रूझर बनवणाऱ्या कंपनीचंच, उदाहरण घ्या. त्यांचं एचपी ५०० हेही ५०२ घनइंचांचंच इंजिन, कंपनीने ४७० हॉर्सपॉवरला विकलेलं. तुमच्या ४१५ आणि त्या ४७० मध्ये मुख्यतः कॅम, इनटेक आणि एक्झॉस्ट. म्हणजे आतला लोखंडी सांगाडा पुरेसा आहे, अडतंय श्वासोच्छ्वासात.

आता वेगाचा हिशोब, कारण शेवटी आकडा जीपीएसवरच बघायचा. आरपीएम गुणिले पिच, भागिले ड्राइव्ह रेशो, भागिले १०५६. ४८०० × २३ भागिले १५८४, साधारण ६९.७ मैल. तुमचे प्रत्यक्षात ६०, म्हणजे स्लिप (हिशोबाच्या वेगातला पंखा पाण्यात वाया घालवतो तो भाग) १४ टक्क्यांच्या आसपास. या जातीच्या बोटीला जरा जास्तच. इंजिनची उंची, पंख्याचा कप (पात्यांच्या कडेचा बाक), ट्रिम (ड्राइव्हचा कल), बोटीच्या तळाला चिकटलेलं शेवाळ, यातून दोनतीन मैल निघतील. कॅमला हात न लावता.

प्लेनवर आलेल्या बोटीचा वेग ढोबळमानाने हॉर्सपॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ४१५चे ५०० केलेत तर सुमारे १० टक्के. ६०चे ६६. एवढ्यासाठी किती खर्च करायचा ते तुम्ही आणि वहिनी ठरवा.

जर्सीचा_खलाशी

वहिनींना या धाग्याची लिंक जाता कामा नये.

तेलकट_हात

सरळ सुपरचार्जर (दाबाने, म्हणजे बूस्टने, हवा आत कोंबणारा पंप) बसव की राव. ८.७५ कॉम्प्रेशनचं इंजिन आहे, बूस्टसाठीच जन्मलंय. कॅम मूळचा ठेव, ५५०-६०० आरामात.

पिस्टनराव

आणि ब्राव्हो वन ड्राइव्ह कोण देणार, तुम्ही? ४५०-५००च्या पुढे साध्या ब्राव्होचं आयुष्य चालवणाऱ्याच्या उजव्या हातावर असतं. लाटेवरून बोट उडाली, पंखा हवेत मोकळा फिरला आणि थ्रॉटल न सोडता तो परत पाण्यात आपटला, की वरच्या पेटीतले गिअर पहिले जातात. ६००ला ब्राव्हो एक्सआर किंवा त्याच्याही वरचं काही लागतं. शिवाय मूळ पिस्टन, मूळ रिंगांची फट, ८९ ऑक्टेनचं पेट्रोल, आणि तासन्‌तास ४०००च्या वर चालणं. गाडीत बूस्ट दहा सेकंद टिकतो. बोटीत तुम्ही सतत घाट चढताय, उतार कधी येतच नाही. त्यासाठी हलक्या बूस्टचे चांगले संच मिळतात, नाही म्हणत नाही, पण इंटरकूलर, इंधन, ट्यूनिंग धरून तो वेगळ्या बजेटचा खेळ आहे.

तेलकट_हात

बरं, १.८चे रॉकर (कॅमची हालचाल वाढवून व्हॉल्वला देणाऱ्या तरफा) तरी? मूळ १.७ आहेत. कॅम न काढता व्हॉल्वची लिफ्ट (उचल) वाढेल.

आवर्तन

वाढेल, सहा टक्क्यांच्या आसपास. लोबची लिफ्ट ०.३०० धरली तर ०.५१०ची ०.५४० होईल. पण इंजिन बाहेर काढून कॅम बदलणारच असतील तर हवी ती लिफ्ट कॅमवरच घ्यावी. रॉकरचा रेशो वाढवला की स्प्रिंग आणि पुशरॉडवरचा भारही वाढतो.

विजेरी

कुणीच कंप्युटरचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. ५०२ एमपीआयवर मेफी असतो. तो मॅप सेन्सर बघून, म्हणजे इनटेकमधल्या दाबावरून, किती हवा आत गेली याचा अंदाज बांधतो आणि तेवढं पेट्रोल टाकतो. ऑक्सिजन सेन्सर नाही, म्हणजे चूक झाली तर त्याला कळायचा मार्गच नाही. मोठ्या ओव्हरलॅपने आयडलचं व्हॅक्यूम पडलं की त्याला वाटतं थ्रॉटल उघडलाय, आणि तो पेट्रोल ओततो. धूर काळा, प्लग ओले, गिअर टाकला की इंजिन बंद.

अ कॅमवर आयडलला बहुधा सांभाळून घेईल, पण पूर्ण थ्रॉटलचं टेबल तरीही तपासून घ्या. मिश्रण पातळ राहिलं तर ४८००ला पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. ट्यून करताना वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) लागतो आणि ओल्या एक्झॉस्टमध्ये तो कुठेही ठोकता येत नाही. पाण्याचा एक शिंतोडा, सेन्सर खलास. पाणी मिसळण्याच्या अलीकडे, कोरड्या भागातच भोक हवं. मूळ मॅनिफोल्डमध्ये अशी जागा शोधणं हेच एक काम असतं. चांगल्या हेडरला (बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी लावतात त्या पाइपांच्या संचाला) ती आधीच ठेवलेली मिळते.

जाता जाता: २०१०पासून अमेरिकेत अशा इंजिनांना कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) आला. नव्या बोटवाल्यांनी हा धागा वाचून कॅम मागवू नये. तिथे मागे आलेलं पाणी कॅटॅलिस्टवर पडतं. शिवाय उत्सर्जनाचे नियम वेगळे.

रेवती_मिशिगन

विजेरींनी गिअरचा विषय काढलाच आहे तर थोडं त्यावर. ब्राव्होमध्ये ‘कोन’ क्लच, म्हणजे शंकूच्या आकाराचा क्लच असतो. लंगडी आयडल सांभाळायला तुम्ही ती ९००-१०००वर नेली की गिअर टाकताना दणका बसतो, आणि गिअरमध्ये गेल्यावर २३ पिचचा पंखा मरीनाच्या गल्लीत बोट पळवायला लागतो. वारा आडवा, शेजारी दुसऱ्याची चकचकीत बोट, आणि तुमचं इंजिन न्यूट्रलमधून रिव्हर्समध्ये टाकताना बंद पडतं. ब कॅमची खरी किंमत तिथे कळते.

आता खलाशीबुवा, तुमच्या मॅनिफोल्डबद्दल. क्लोज्ड कूलिंग आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बहुतेक बोटींत त्यात फक्त ब्लॉक आणि हेड येतात, मॅनिफोल्ड आणि रायझरमधून खारं पाणीच फिरत असतं. बीड आतून खात जातं आणि बाहेरून रंग छान दिसतो. खाऱ्या पाण्यात पावती नसलेले मॅनिफोल्ड म्हणजे संपलेले मॅनिफोल्ड, असंच धरा. रायझरचा जोड उघडून बघा. गॅस्केटच्या कडेने गंजाचा ओघळ धूर जाण्याच्या भोकापर्यंत गेला असेल तर पाणी आत गेलंच आहे, कॅम कोणताही असो.

म्हणजे एक्झॉस्टचा खर्च तुम्हाला चुकत नाही. मग तो आधी करा. माझं मत: पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर कॅम राहू दे, एक्झॉस्ट घ्या.

जर्सीचा_खलाशी

मग थेट स्टेनलेसचे हेडर आणि ड्राय टेलपाइपच घेतो की. एकदाच काय तो खड्डा पडू दे. आणि मग क कॅम?

रेवती_मिशिगन

थांबा. आमच्याकडे हेडर आहेत, पण आमचं पाणी गोडं. वेल्ड केलेल्या स्टेनलेसच्या पाइपांना खारं पाणी आणि तापमानाची चढउतार दोन्ही एकदम सोसत नाहीत. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावे लागतात. एखादी वेल्ड आतल्या बाजूने तडकली तर गळणारं पाणी बाहेर दिसत नाही, सरळ पोर्टमध्ये उतरतं. बोट पाण्याबाहेर उचलून लिफ्टवर ठेवणारा, रोज धुणारा, दर हिवाळ्यात हेडर काढून दाब लावून तपासणारा माणूस असेल तर जरूर घ्यावेत. तुमची बोट सगळा मोसम पाण्यातच बांधलेली असते का?

जर्सीचा_खलाशी

हो, स्लिपमध्येच, म्हणजे धक्क्यावर बोट बांधायच्या जागेत. मे ते ऑक्टोबर.

रेवती_मिशिगन

मग नवीन बिडाचे मॅनिफोल्ड-रायझर घ्या. कंटाळवाणे आहेत, मान्य.

पिस्टनराव

इथे माझं थोडं वेगळं. मी खाऱ्या पाण्यातही हेडर बरीच वर्षं टिकलेले पाहिलेत. पण रेवतींनी जी शिस्त सांगितली ती पाळणाऱ्यांचेच. स्लिपमध्ये बांधलेल्या बोटीला मीही देणार नाही.

तर मग क बद्दल मी अर्धवट सोडलं होतं ते. क कॅम वाईट नाही. हेडर, ड्राय टेल, ५६००च्या पुढेही व्हॉल्व वेळेवर मिटवणारे स्प्रिंग, सव्वानऊच्या पुढचं कॉम्प्रेशन आणि दोन माणसांची हलकी बोट, तिथे तो शोभतो. दर ऑगस्टअखेर आमच्या तळ्यावर शूटआउट (बोटींची वेगाची स्पर्धा) भरतो, तिथे असले कॅम घातलेली इंजिनं पुष्कळ ऐकायला मिळतात. पण तुमच्या ८.७५ कॉम्प्रेशनला क चा इनटेक उशिरा मिटतो. सेंटरलाइन १०८ धरली तर ४८ अंशांना. आधीच कमी असलेला दाब आणखी गळतो. चार मोठी माणसं, पोरं आणि बर्फाचा खोका घेऊन ती बोट नाक वर करून बसेल, प्लेनवर यायला लवकर तयार होणार नाही. शिवाय त्याची ताकद ५४००-५६००ला येणार. तिथपर्यंत जायला पंखा २३वरून २१वर आणावा लागेल (एक इंच पिचला १५० ते २०० आरपीएम धरा). ५०२ एमपीआयसाठी मर्क्युरीची पट्टी ४६०० ते ५००० आहे. खालचा सांगाडा आणि ड्राइव्ह त्या हिशोबाने बसवलेत.

माझा ठोकताळा: मूळ धर्तीचा ओला बिडाचा एक्झॉस्ट असेल तर पन्नास थाऊवर ओव्हरलॅप दोनचार अंशांच्या आत. ड्राय टेल असेल तर १५-२० पर्यंत जाता येतं. मधल्या जागेत, म्हणजे चांगल्या घडणीचे मोठे मॅनिफोल्ड आणि उंच रायझर असतील तर २३०/२४०, ११४ असा काहीसा. त्याचा ओव्हरलॅप ७ येतो.

मोटारवाला

एकंदरीत बोटीत मजा नाही असं दिसतंय.

पिस्टनराव

पहाटे सहाला तळं आरशासारखं असतं तेव्हा या, मग बोलू.

आवर्तन

खलाशी, अ ठरत असेल तर आसपासची यादी विसरू नका. एक, आत आत्ता रोलर लिफ्टर आहेत की सपाट तळाचे, ते इंजिनच्या सिरियल नंबरावरून पार्ट्सच्या यादीत बघून घ्या. जेन सहा (सहाव्या पिढीच्या) ब्लॉकमध्ये रोलरची सोय असते, पण आत प्रत्यक्षात काय बसवलंय याची खात्री करूनच ऑर्डर द्या. सपाट असतील तर लिफ्टर, पुशरॉडची लांबी, सगळंच बदलतं.

दोन, डिस्ट्रिब्युटरचा गिअर. बिलेट स्टीलच्या रोलर कॅमवर साधा बिडाचा गिअर चालवला तर तो झिजून त्याचा भुगा तेलात उतरतो. कॅमवाल्याला विचारा, त्याच्या कॅमला कोणत्या धातूचा गिअर चालतो.

तीन, स्प्रिंग. जुन्यावर नवीन कॅम टाकू नका. बसवलेली उंची मोजा, पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना भिडायच्या आधी साठ थाऊ तरी शिल्लक हवेत. रिटेनर आणि गाइडच्या सीलमधली फटही बघा, तिथे बरेच जण फसतात.

रेवती_मिशिगन

हेड उघडणार असाल तर एक्झॉस्ट व्हॉल्व इन्कोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचे) घ्या. सतत भाराखाली चालणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व सगळ्यात जास्त तापतो, आणि त्याचं डोकं तुटलं तर पिस्टन, हेड, सगळंच जातं. हेड गॅस्केट मरीनच. आणि अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप यातलं काहीही गाडीचं स्वस्तात मिळालं म्हणून लावू नका. मरीन भाग ठिणगी बाहेर पडू न देणारे असतात. बंद पेटीत साठलेली पेट्रोलची वाफ आणि गाडीचा स्टार्टर, एवढ्यावर बोटी उडाल्यात. फ्लेम अरेस्टर (हवा आत घेण्याच्या तोंडावरची, ज्वाला अडवणारी जाळी) न विसरता परत बसवा.

जर्सीचा_खलाशी

ठरलं तर. या वर्षी अ कॅम, नवीन लिफ्टर, स्प्रिंग, इन्कोनेल एक्झॉस्ट व्हॉल्व, नवीन बिडाचे मॅनिफोल्ड-रायझर, मेफीचं ट्यूनिंग. आणि त्याआधी, पिस्टनराव म्हणतात तसं, बोटीचा तळ घासून, पंखा दुसऱ्याचा उसना घेऊन स्लिप मोजतो. ५०० गेले खड्ड्यात, ४५०च्या आसपास आले तरी खूश.

तेलकट_हात

पन्नास हॉर्सपॉवर टेबलावर सोडून जातोयस, लिहून ठेव.

जर्सीचा_खलाशी

ठेवलं लिहून. 🙂 शेवटचे दोन प्रश्न. ऑइल पॅन न काढता टायमिंग कव्हर नीट बसतं का? आणि कॅम टायमिंग गिअरवरच्या खुणा, ठिपक्याला ठिपका, जुळवून बसवला तर चालेल ना?

पिस्टनराव

पॅन न काढता कव्हर बसवणारे महाभाग आहेत, नंतर पुढून तेल गळतं म्हणून परत इंजिन काढतात. इंजिन बाहेर आहे तर पॅन काढाच.

ठिपके जुळवून थांबू नका. डिग्री व्हील (अंश मोजायची चकती) आणि डायल लावून इनटेक सेंटरलाइन कॅमकार्डाशी (कॅमसोबत येणाऱ्या आकड्यांच्या कागदाशी) ताडून बघा. साखळी आणि गिअर यांच्यात मिळून तीनचार अंश इकडेतिकडे सहज निघतात. त्याच वेळी पिस्टनवर क्ले (मऊ माती) लावून व्हॉल्वची फट मोजा. इनटेकला ऐंशी थाऊ, एक्झॉस्टला शंभर, त्याच्या खाली गेलात तर थांबून इथे लिहा.

आणि इनटेक बसवताना पुढच्या-मागच्या कडांच्या रबरी पट्ट्या संचात येतात त्या लावू नका. त्याजागी आरटीव्हीची (सिलिकॉन सीलंटची) जाड रेघ ओढा, कोपऱ्यात थोडी जास्त. तुमची आत्ताची गळती बहुतेक तिथूनच असणार.